ऐकू येतं, पण पकडता येत नाही

मॅडम,
मी २७ वर्षांची आहे. मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.एस्सी. नर्सिंग. ब्रिटनमध्ये नोकरी करायची म्हणून आयईएलटीएस अकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. रीडिंग आणि स्पीकिंगला ९ पैकी ७, रायटिंगला साडेसहा मिळाले, पण लिसनिंगला दोन्ही वेळा ६ च. तिथे ७ लागतात. सहा महिने रोज बसमधून येता-जाता कानात इंग्रजी बातम्या लावते, सुटीला इंग्रजी सिनेमे बघते, रोज एक टेस्ट सोडवते. तरी लिसनिंगचे मार्क ४० पैकी २४-२५ च्या पुढे सरकत नाहीत. एक उत्तर हुकलं की डोकं बंद पडतं आणि पुढची चार-पाच जातात. नंतर रेकॉर्डिंगची छापलेली संहिता वाचली की सगळे शब्द ओळखीचे निघतात, तेव्हा रडू येतं. वॉर्डातल्या एक सीनियर सिस्टर म्हणाल्या, मराठी मीडियमच्या मुलींचा इंग्रजीसाठी कानच तयार होत नाही. खरं आहे का? राजीनामा देऊन पुण्यात मोठा क्लास लावावा असं घरात बोलणं चाललंय. त्यासाठी कर्ज काढावं लागेल. काय करू?
– एक परिचारिका, मिरज

प्रिय सिस्टर,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेली आहेस. संहिता वाचली की सगळे शब्द ओळखीचे निघतात, हे ते वाक्य. तुला त्याचं रडू येतं, मला मात्र ते वाचून हायसं वाटलं, कारण दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यावरून कळतं. तुझा शब्दसंग्रह कमी पडत नाही, व्याकरणही कमी पडत नाही. तसं असतं तर रीडिंगला ७ आलेच नसते. जे शब्द तुझे डोळे क्षणात ओळखतात, ते बोलण्याच्या ओघात आले की कानाला ओळखू येत नाहीत, एवढीच अडचण आहे. ती दूर होते. पण सहा महिने तू जे करते आहेस, त्यानं ती दूर होणार नाही.

आधी त्या सीनियर सिस्टरांचं बोलणं बाजूला काढू. मराठी मीडियमच्या मुलींचा कान तयार होत नाही, हे साफ खोटं आहे आणि असं बोलून एखादीची उमेद घालवणाऱ्यांचा मला राग येतो. मिरजेच्या दवाखान्यात जतकडचा शेतकरी येतो, कोकणातून कुणी येतं, सीमेपलीकडून कानडी मिसळलेलं मराठी बोलणारी आजी येते. पोटात कसं दुखतंय हे प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत आणि वेगळ्या हेलात सांगतो. तू ते ऐकतेस आणि केसपेपरवर बरोबर उतरवतेस. असा कान तयार नाही म्हणायचं? माध्यमाचा संबंध असलाच तर एवढाच, की आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे तूही ते पहिलीपासून शिकली असणार. पण ते फळ्यावरून, धड्याखालच्या प्रश्नोत्तरांतून आणि बाईंनी एकेक शब्द सुटा करून वाचलेल्या वाक्यांतून. इंग्रजी माध्यमातली आपल्याकडची मुलंही भारतीय उच्चारातलंच इंग्रजी ऐकत वाढतात. लिसनिंगला त्यांचेही मार्क जातात.

आता कानाची अडचण नीट समजून घे, कारण ती समजली की अभ्यास आपोआप बदलतो. मराठी बोलताना जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ मिळतो. इंग्रजी बोलणारा माणूस वाक्यातल्या दोन-तीन शब्दांवर जोर देतो आणि मधले ‘टू’, ‘ऑफ’, ‘अँड’, ‘हॅव’, ‘कॅन’ हे शब्द जवळजवळ गिळून टाकतो. ‘अ कप ऑफ टी’ हे कानावर ‘अकपटी’ असं पडतं. ‘पिक इट अप’चं ‘पिकिटप’ होतं. ‘नेक्स्ट डे’मधला ‘ट’ नाहीसा होतो, ‘शुड हॅव’चं ‘शुडव’ होतं. ‘कॅन’ तर इतका बारीक होतो की ‘क्न’ एवढाच उरतो, आणि ब्रिटिश माणसाच्या तोंडचा ‘कान्ट’ मात्र ठसठशीत येतो. म्हणजे तो शब्द भरदार ऐकू आला तर बहुधा नकार आहे, एवढं लक्षात ठेवलंस तरी एखादं उत्तर वाचेल.

आपणही बोलताना हेच करतो. ‘काय करतो आहेस’ असं कोण म्हणतं? ‘काय करतोयस’ म्हणतो. ‘नको आहे’चं ‘नकोय’ होतं, ‘कुठे आहे’चं ‘कुठंय’. पुस्तकावरून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला छापलेलं ‘कुठे आहे’ लगेच कळेल, पण भाजीवाल्याचं ‘कुठंय’ त्याच्या डोक्यावरून जाईल. इंग्रजी ऐकताना तू आज त्याच्या जागी आहेस. त्याला आणखी मराठी शब्द पाठ करायला सांगून काही होणार नाही. ‘कुठंय’ म्हणजे तेच ‘कुठे आहे’, ही ओळख त्याला पटवावी लागेल, आणि अशा शंभर-दोनशे जोड्यांची ओळख पटली की बाकीचं तो स्वतःच ओळखू लागेल.

तुझ्या सध्याच्या अभ्यासात नेमकी ही ओळख कुठेच पटत नाही. बसमध्ये कानात बातम्या चालू असतात, तेव्हा न कळलेलं वाक्य न कळलेलंच पुढे निघून जातं. ते काय होतं हे तुला कधीच समजत नाही, मग पुढच्या वेळी तरी कसं कळणार? सिनेमात खाली इंग्रजी अक्षरं असली की डोळे वाचून मोकळे होतात आणि कानाला काम उरत नाही. अक्षरं काढून टाकली तर पार्श्वसंगीत, हाणामारी आणि परीक्षेत कधीच न येणारी बोली. सिनेमे करमणुकीसाठी जरूर बघ, अभ्यासात धरू नकोस. राहिली रोजची टेस्ट. दर तासाला ताप मोजून ताप उतरत नाही, हे तुला मी काय सांगू! टेस्टनं मोजमाप होतं, उपचार होत नाही. ती आठवड्यातून एकदा पुरे.

मग रोज काय करायचं? वीस-पंचवीस मिनिटं, दार लावून, कानाला हेडफोन आणि हातात पेन. केंब्रिजच्या सराव पुस्तकांत पूर्वीच्या परीक्षांचे पेपर असतात आणि शेवटी रेकॉर्डिंगची संहिता छापलेली असते. त्यातला एका मिनिटाचा तुकडा घे. जास्त घेऊ नकोस, एक मिनिटच. आधी नुसतं ऐक आणि काय चाललंय ते स्वतःला मराठीत सांग. मग वाक्यावाक्याला थांबवत, ऐकू येईल ते सगळं लिहून काढ. लागेल तेवढ्या वेळा मागे जा. कुठे फक्त आवाज कळला, शब्द कळला नाही, तर तो आवाज देवनागरीत लिही. हे महत्त्वाचं आहे. ‘वुडव’ ऐकू आलं तर ‘वुडव’च लिही. मग संहिता उघड आणि लाल पेनानं तुझ्या लिखाणावर दुरुस्ती कर. तू लिहिलं असशील ‘आय वुड कम अर्लिअर’, संहितेत असेल ‘आय वुड हॅव कम अर्लिअर’. पहिल्याचा अर्थ, जमलं तर मी लवकर येईन. दुसऱ्याचा, मी लवकर आलो असतो, म्हणजे आलोच नाही. गिळलेल्या एका ‘हॅव’नं होकाराचा नकार झाला.

एका वहीत दोन रकाने आख. डावीकडे ‘शब्द माहीतच नव्हता’, उजवीकडे ‘माहीत होता, ओळखला नाही’. लाल झालेला प्रत्येक शब्द दोन्हींपैकी एका रकान्यात जाईल. ज्यांचं रीडिंग चांगलं असतं त्यांचा उजवा रकानाच भरभर भरताना मी वर्षानुवर्षं बघते आहे, तुझंही तेच होईल. उजव्या रकान्यात शब्दाशेजारी तू ऐकलेला आवाज देवनागरीत लिहून ठेव. हीच तुझी ‘कुठंय–कुठे आहे’ची वही.

एवढ्यावर थांबू नकोस, इथून पुढचा भाग बहुतेक जण गाळतात. संहिता समोर ठेवून, रेकॉर्डिंग चालू ठेवून, त्या माणसाबरोबर मोठ्यानं बोल. त्याच्याच वेगानं, तो जे गिळतो ते गिळून. सुरुवातीला जीभ अडखळेल. पाच-सात वेळा झालं की जमेल. जे तोंडातून निघतं ते कानाला ओळखू येतं, हा माझा ठाम अनुभव आहे. शेवटी संहिता मिटून तोच तुकडा पुन्हा ऐक. मघाशी गडबडगुंडा वाटलेलं बोलणं आता सुटं सुटं ऐकू येईल. दुसऱ्या दिवशी नवा तुकडा घेण्याआधी कालचा एकदा ऐकायचा. नाइट ड्यूटीच्या आठवड्यात नवं काही घेऊ नकोस, फक्त जुने तुकडे बोलत जा. पुस्तकातल्या तुकड्यांचा कंटाळा आला तर बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम मोफत मिळतो आणि त्याची संहिताही मिळते. बसमधल्या बातम्यांच्या जागी आदल्या रात्री सोडवलेला तुकडा ऐक. तो बसमध्येही कळेल.

उच्चारांची भीती मुलं उगाच वाढवून घेतात. परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन, कॅनेडियन असे आवाज येतात, पण ते सगळे स्वच्छ रेकॉर्ड केलेले असतात. मोजक्या खुणा ध्यानात ठेव. ऑस्ट्रेलियन माणसाचं ‘टुडे’ हे ‘टुडाय’कडे झुकतं, त्यामुळे त्यानं नावाचं स्पेलिंग सांगताना म्हटलेला ‘ए’ आपल्याला ‘आय’ वाटतो. न्यूझीलंडचा माणूस ‘टेन’ म्हणतो ते ‘टिन’सारखं ऐकू येतं. अमेरिकन माणसाचं ‘वॉटर’ हे ‘वॉडर’ होतं. एवढ्यावर भागतं.

आता मार्कांचा हिशेब. ४० प्रश्न, प्रत्येकी एक मार्क, चुकलं तर वजाबाकी नाही. साधारण २३ बरोबर आले की ९ पैकी ६ बँड (परीक्षेची श्रेणी) आणि ३० आले की ७. पेपरप्रमाणे एखाददुसरा मार्क इकडेतिकडे होतो. तू २४-२५ वर आहेस, म्हणजे आणखी पाच-सहा उत्तरं हवी आहेत. चार भाग, प्रत्येकात दहा प्रश्न. पहिला भाग दोघांमधलं व्यवहारातलं बोलणं, दुसऱ्यात एकच माणूस एखाद्या जागेची किंवा कार्यक्रमाची माहिती देतो, तिसऱ्यात विद्यार्थी आणि शिक्षक अभ्यासाबद्दल बोलतात, चौथ्यात व्याख्यान. तुझ्या जुन्या टेस्ट काढ आणि कोणत्या भागात किती गेले ते मांड. मला खात्री आहे की पहिल्या भागातही तुझे दोन-तीन जात असणार, आणि तिथे दहापैकी दहा घेण्याइतकं इंग्रजी तुझ्याकडे आजच आहे. पहिल्यात दहा, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात सहा आणि चौथ्यात सात असं धरलं तरी ३१ होतात. तिसऱ्या भागातल्या अवघड पर्यायांशी रोज झटापट करण्यापेक्षा पहिले दोन भाग पक्के करणं तुझ्यासाठी जास्त फायद्याचं आहे.

पहिल्या भागात नावं, फोन नंबर, तारखा, किमती, पत्ते. इथे मराठी माध्यमाची एक खरी अडचण येते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपण चौऱ्याहत्तर म्हणताना आधी चार म्हणतो, मग सत्तर. इंग्रजीत आधी सत्तर, मग चार. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा वाचायला सांगितल्या म्हणून केवढा वाद झाला होता, आठवत असेल. त्या वादात कुणाची बाजू घ्यायची ती घे. परीक्षेत मात्र असं होतं, की ‘सेव्हंटी फोर’ ऐकल्यावर मन ते झटकन ‘चौऱ्याहत्तर’ करून घेतं आणि घाईत पेन आधी ४ लिहून बसतं. म्हणून आकडा मराठीत वळवायचाच नाही. ‘सेव्हंटी’ कानावर पडताक्षणी ७ लिहायचा, ‘फोर’ ऐकला की ४. बीपी आणि नाडी तू इंग्रजीतच ऐकतेस आणि इंग्रजीतच लिहितेस, तिथे तुझी चूक होत नाही. तीच सवय किमती आणि तारखांना लाव. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत जोर कुठे पडतो ते ऐक. पहिल्यात शेवट लांबतो, दुसऱ्यात सुरुवातीवर जोर असतो आणि शेवट तुटतो. शून्याला ‘ओ’ म्हणतात, शेवटच्या अक्षराला ‘झेड’ आणि अमेरिकन असेल तर ‘झी’. घरात कुणालाही मोबाइलमधले नंबर आणि नावांची स्पेलिंग्ज भरभर वाचायला सांग आणि तू लिही. रोज पाच मिनिटं.

दुसरी गोष्ट, पहिल्या भागात मुद्दाम पेरलेलं चुकीचं उत्तर. रिसेप्शनवरची बाई म्हणते, मंगळवारी जमेल का? गिऱ्हाईक म्हणतं, हो, मंगळवार बरा. मग, ‘ओह वेट’, मंगळवारी मला दुसरीकडे जायचंय, गुरुवार करू. मुलं मंगळवार लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळलेली असतात. तुला हे शिकवायची गरज नाही. डॉक्टर फोनवर ऑर्डर देताना म्हणाले, ‘पाचशे द्या… नाही, थांबा, क्रिएटिनिन वाढलंय, अडीचशे द्या,’ तर तू पाचशे लिहून फोन ठेवतेस का? शेवटपर्यंत ऐकतेस, वाचून दाखवतेस, मग सही करतेस. परीक्षेत वाचून दाखवायला कुणी नसतं, पण शेवटपर्यंत ऐकण्याची शिस्त तीच. ‘अॅक्चुअली’, ‘सॉरी’, ‘आय मीन’, ‘बट’ हे शब्द आले की आधी लिहिलेलं बदलायची तयारी ठेव.

प्रश्न वाचायला प्रत्येक भागाआधी थोडा वेळ देतात. तो वेळ आपण काहीतरी वाचल्यासारखं करण्यात घालवतो. त्या वेळात प्रत्येक रिकाम्या जागेशेजारी एक अंदाज लिही: इथे आकडा येईल, इथे जागेचं नाव, इथे अनेकवचन. शेवटचा अंदाज फार मोलाचा. बोलण्याच्या ओघात शब्दाअंती येणारा ‘स’ कानातून सहज सुटतो आणि ‘टिकेट्स’च्या जागी ‘टिकेट’ लिहिलं की मार्क गेला. वाक्याच्या व्याकरणावरून अनेकवचन हवंय हे आधीच कळलेलं असेल तर ‘स’ ऐकू आला नाही तरी चालतं. प्रश्नातला शब्द बोलण्यात जसाच्या तसा येईल अशी वाट बघू नकोस. प्रश्नात ‘ट्रान्सपोर्ट’ असेल तर बोलणारा ‘कोच’ म्हणेल. रिकाम्या जागेत मात्र ऐकू आलेलाच शब्द लिहायचा, आणि सूचनेत दोनच शब्द लिहा म्हटलं असेल तर तीन लिहायचे नाहीत, भले ते बरोबर असोत.

आता डोकं बंद पडण्याबद्दल. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, त्यामुळे हुकलेलं परत येत नाही, हे आधी मनाला सांगून ठेव. तू हुकलेल्या उत्तरामागे धावतेस आणि तेवढ्यात पुढची चार निघून जातात. नुकसान त्या धावण्यानं होतं. उत्तरं प्रश्नांच्या क्रमानंच येतात, ही तुझी सगळ्यात मोठी सोय. म्हणून नजर नेहमी दोन प्रश्नांवर ठेव, चालू आणि पुढचा. पुढच्या प्रश्नाचा विषय बोलण्यात आला की समजायचं, आधीचा गेला, त्याच्यासमोर फुली मारून पुढे. आणि हे नुसतं ठरवून जमत नाही, त्याचा सराव लागतो. टेस्ट सोडवताना भावाला किंवा नवऱ्याला शेजारी बसव. त्यानं मधेच, तुला न सांगता, आठ-दहा सेकंद आवाज पूर्ण बंद करायचा आणि परत सुरू करायचा. तू आपण कुठे आहोत ते शोधून पुढे जायचं. पहिल्या दोन-तीन वेळा तुला घाम फुटेल. नंतर लक्षात येईल की हुकलं तरी एकच जातं. ही एक सवय लागली तर मला वाटतं तुझ्या पाच-सहा मार्कांपैकी निम्मे इथेच परत येतील. शेवटी फुली मारलेल्या जागा अंदाजानं भर, कोरी जागा सोडू नकोस.

दुसऱ्या भागात नकाशा येतो आणि बऱ्याच जणींचे मार्क त्यात जातात. तुझ्या रुग्णालयाचा नकाशा काढ. मुख्य दारातून ओपीडी, तिथून एक्स-रे, मेडिकल, कॅन्टीन असा रस्ता इंग्रजीत मोठ्यानं सांग: समोर, शेजारी, कोपऱ्यावर, टोकाला, जिन्याच्या पलीकडे. हे शब्द तोंडातून निघाले की नकाशातली भीती जाते. चौथ्या भागात मधे थांबा नसतो, म्हणून दहाही प्रश्न आधीच वाचून ठेवावे लागतात. विषय कोणताही असो, त्यातलं आधीचं ज्ञान लागत नाही. मुद्द्यांचे मथळे छापलेले असतात आणि वक्ता ‘नाऊ’, ‘मूव्हिंग ऑन टू’, ‘हाउएव्हर’ म्हणत पुढच्या मथळ्याकडे जातो. तेवढे शब्द पकड.

स्पेलिंग चुकलं की उत्तर चूक. ब्रिटिश किंवा अमेरिकन, कोणतंही स्पेलिंग चालतं, सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी चालतं. वेन्सडे, फेब्रुवारी, अॅकोमोडेशन, रेस्टॉरंट, एन्व्हायर्नमेंट असे चाळीस-पन्नास शब्द परत परत येतात. तुझ्या जुन्या टेस्टमधून चुकलेले शब्द काढून त्यांचीच यादी कर, बाजारातल्या हजार शब्दांच्या यादीच्या मागे लागू नकोस. परीक्षा संगणकावर देणार असशील तर घरचा सरावही हेडफोन लावून, टाइप करत कर. तिथे शेवटी तपासायला दोनच मिनिटं मिळतात, कागदावरच्या परीक्षेत असायची तशी उत्तरं उतरवायला दहा मिनिटं नसतात. सुरुवातीला आवाज तपासायला सांगतात तेव्हा काही गडबड वाटली तर तिथल्या तिथे हात वर कर. संकोच करू नकोस.

एक पर्याय तुला कुणी सांगितला आहे का, कळत नाही. ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल आयईएलटीएससारखीच ओईटी ही परीक्षाही मान्य करते. ती आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच आहे. तिच्या लिसनिंगमध्ये पहिल्या भागात रुग्णाशी चाललेल्या दोन संभाषणांच्या नोंदी पूर्ण करायच्या असतात, २४ मार्कांच्या. मग वॉर्डातल्या कामकाजाचे सहा छोटे तुकडे, आणि शेवटी दोन मुलाखती किंवा भाषणं, १२ मार्कांची. लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगला बी ग्रेड म्हणजे ५०० पैकी ३५०, आणि रायटिंगला सी प्लस म्हणजे ३०० लागतात. फी आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे आणि रेकॉर्डिंग तिथेही एकदाच वाजतं. पण केसपेपर हे तुझं रोजचं काम आहे. ओईटीचे मोफत नमुने त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, एका रविवारी एक सोडवून बघ. त्यात तुला सहज वाटलं तर तोच रस्ता धर. माझं मन तिकडे झुकतं, पण निर्णय तो नमुना सोडवल्यावर घे, माझ्या शब्दावर घेऊ नकोस.

आयईएलटीएसच द्यायची ठरवलीस, तर संगणकावरच्या परीक्षेनंतर ६० दिवसांच्या आत फक्त एकच कौशल्य पुन्हा देण्याची सोय आहे. तिचा निकाल आपल्याला हवा तिथे चालतो का, हे फी भरण्याआधी कौन्सिलच्या संकेतस्थळावर आणि तुला नोकरी देणाऱ्या रुग्णालयाकडून लेखी विचारून घे. मागच्या परीक्षेचे ६० दिवस अजून उरले असले तरी घाईघाईत ती संधी वापरू नकोस. कान बदलायला दहा-बारा आठवडे लागतील. तयारी करून पूर्ण परीक्षा दे, ती संधी हाताशी राहू दे. या काळात रीडिंगचा एक पेपर आणि रायटिंगचा एक निबंध दर आठवड्याला होऊ दे, म्हणजे मिळालेलं जाणार नाही.

आणि राजीनाम्याचा प्रश्न. नको. ज्या मुलीच्या तीन कौशल्यांचे हवे ते बँड आले आहेत आणि एका कौशल्यात पाच-सहा उत्तरं कमी पडताहेत, तिनं कर्ज काढून शहर बदलण्याचं काहीही कारण नाही. क्लासमध्ये वीस-तीस जणींना एकच रेकॉर्डिंग ऐकवतात. कुणाला ‘वुडव’ ऐकू आलं आणि कुणाला नाही, हे तिथे कुणी बघत नाही, बघू शकतही नाही. ते तुझ्या वहीतच दिसेल. शिवाय ब्रिटनमधल्या नोकरीच्या मुलाखतीत सलग कामाचा अनुभव विचारतात, तो मधेच तोडू नकोस. घरच्यांना हे पत्र वाचायला दे. चांगले हेडफोन, सरावाची दोन-तीन पुस्तकं आणि परीक्षेची फी, याच्या पलीकडे आज खर्च नाही.

परीक्षेची तारीख आत्ता घेऊ नकोस. आठवड्याला एक याप्रमाणे कधीच न ऐकलेल्या तीन टेस्टमध्ये लागोपाठ ३२ किंवा जास्त आले की तारीख घे. मी ३२ म्हणते, कारण परीक्षेच्या खोलीत दोन मार्क कमी होतात असं धरून चालावं. तारीख ठरली की त्याच दिवशी ड्यूटी लावणाऱ्या सिस्टरांना जाऊन भेट आणि परीक्षेआधीच्या तीन रात्री नाइट लागणार नाही असं बघ. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शहरात असेल तर आदल्या दिवशीची सुटीही तेव्हाच लिहून दे.